छेदातली करणी घालवायची कशी? परिमेयीकरण पायरीपायरीने

नववीच्या बीजगणितात ‘वास्तव संख्या’ या प्रकरणात छेदाचं परिमेयीकरण येतं, म्हणजे छेदातली करणी (√२ सारखं पूर्ण न सुटणारं मूळ) घालवून तिथे परिमेय संख्या आणणं. बरीच मुलं ते ‘खालचं चिन्ह बदला आणि वर-खाली गुणा’ एवढंच पाठ करतात. सोप्या गणितांत तेवढ्यावर भागतं. छेदात तीन पदं आली, घनमूळ आलं किंवा नुसतंच √१८ आलं, की मात्र गाडी अडते. या प्रकारच्या गणितात निर्णय एकच घ्यायचा असतो: कशाने गुणायचं? त्याचं उत्तर नेहमी छेदाकडे नीट पाहिल्यावर मिळतं. अंशाकडे नंतर वळायचं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

हा खटाटोप कशासाठी?

१/√२ ची किंमत हाताने काढून पाहा. √२ म्हणजे साधारण १.४१४२१. आता १ ला १.४१४२१ ने भागायचं म्हणजे लांबलचक भागाकार. त्याऐवजी अंश आणि छेद दोन्हींना √२ ने गुणलं तर √२/२ मिळतं. १.४१४२१ चे निम्मे ०.७०७१०५, तोंडी झालं. कॅल्क्युलेटर नव्हते तेव्हा या फरकाला फार किंमत होती.

आज ते कारण मागे पडलं, पण दुसरं शिल्लक आहे. एकाचं उत्तर ६/√२७, दुसऱ्याचं २/√३ आणि तिसऱ्याचं २√३/३ आलं, तर तिघांचं एकच उत्तर आहे हे पाहताक्षणी कळत नाही. छेद परिमेय करून अपूर्णांक सोपा केला की तिघंही २√३/३ वर येतात. उत्तरं ताडून पाहायला, अपूर्णांकांची बेरीज करायला, सजातीय (एकाच मुळाच्या) करणी एकत्र करायला ही एक ठरलेली मांडणी उपयोगी पडते.

लक्षात ठेवायचं तत्त्व एवढंच, की अंश आणि छेद एकाच शून्येतर संख्येने गुणले तर अपूर्णांकाची किंमत बदलत नाही. आपण जे काही करणार आहोत ते शेवटी १ ने गुणणंच आहे. छेदाला गुणून अंश तसाच सोडला तर संख्याच बदलते. तरीही घाईत ही चूक वारंवार होते, म्हणून गुणक लिहिताना तो (√२/√२) असा पूर्ण अपूर्णांक म्हणूनच लिहावा.

आधी छेदाची साफसफाई

गुणक शोधायच्या आधी छेदातली प्रत्येक करणी सरळ रूपात आणा. वर्गमूळाखालच्या संख्येत पूर्ण वर्ग अवयव लपलेला असेल तर तो बाहेर काढा. १५/√१८ घ्या. १८ = ९ × २, म्हणून √१८ = ३√२. अपूर्णांक झाला १५/(३√२), म्हणजे ५/√२. आता √२ ने गुणा:

५/√२ × √२/√२ = ५√२/२

हेच थेट √१८ ने गुणून केलं असतं तर १५√१८/१८, मग ४५√२/१८, मग ५√२/२. उत्तर तेच, पण आकडे मोठे आणि चुकायच्या जागा जास्त. काही वेळा तर साफसफाईतच अर्धं गणित सुटतं. ७/√९८ मध्ये √९८ = ७√२, म्हणजे उरतं फक्त १/√२. आणि छेदात √४९ असेल तर ती करणीच नव्हे, ते सरळ ७ आहे.

वर्गमूळाखाली अपूर्णांक असेल, समजा √(३/८), तर मूळाच्या आतच काम करता येतं. ८ ला पूर्ण वर्ग करायला फक्त २ हवेत. ३/८ = ६/१६, म्हणून √(३/८) = √६/४. एका ओळीत निकाल.

छेदात एकच पद

छेद ब√क अशा रूपात असेल तर गुणक फक्त √क. बाहेरचा ब आधीच परिमेय आहे, त्याला हात लावायची गरज नाही.

४/(५√६) = ४/(५√६) × √६/√६ = ४√६/(५ × ६) = ४√६/३० = २√६/१५

पडताळा लगेच घेऊ. √६ साधारण २.४४९४९. मूळ अपूर्णांक ४ ÷ १२.२४७४५ = ०.३२६६०. उत्तर ४.८९८९८ ÷ १५ = ०.३२६६०. जुळलं. ही सवय प्रत्येक गणितात लावून घ्या असं मी आग्रहाने सांगेन. √२, √३, √५, √६, √७ यांच्या तीन-तीन दशांश किमती (१.४१४, १.७३२, २.२३६, २.४४९, २.६४६) तोंडपाठ असल्या, तर परीक्षेत अर्ध्या मिनिटात कळतं की उत्तर निदान त्या घरातलं आहे की नाही. चिन्हाची चूक तर हमखास सापडते.

छेदात दोन पदं: इथे खरी गंमत आहे

छेद √५ + √३ आहे. पहिला विचार मनात येतो तो म्हणजे त्यालाच त्याने गुणावं. करून पाहा:

(√५ + √३)(√५ + √३) = ५ + √१५ + √१५ + ३ = ८ + २√१५

करणी गेली नाही, उलट मोठी होऊन परत आली. अडचण कुठे आहे ते पाहा. चार गुणाकारांपैकी पहिला (५) आणि शेवटचा (३) परिमेय आहेत. मधले दोन, √१५ आणि √१५, त्रास देतात. ते दोघे विरुद्ध चिन्हांचे झाले तर एकमेकांना खाऊन टाकतील. त्यासाठी दुसऱ्या कंसात एकाच पदाचं चिन्ह बदलायचं:

(√५ + √३)(√५ − √३) = ५ − √१५ + √१५ − ३ = २

(अ + ब)(अ − ब) = अ² − ब² हे ओळखीचं सूत्र इथे कामाला येतं. वर्ग केल्यावर वर्गमूळ जातं आणि मधली पदं आपोआप कटतात. √५ + √३ आणि √५ − √३ यांना अनुबद्ध जोडी म्हणतात.

चिन्ह एकाच पदाचं बदलायचं, हे डोळ्यांत तेल घालून पाहा. दोन्ही पदांची चिन्हं बदलली तर −(√५ + √३) मिळतं, म्हणजे तोच छेद उणे चिन्ह लावून. मधली पदं जागच्या जागी राहतात. छेद −√५ − √३ असा दिला असेल तेव्हा ही गफलत जास्त होते. अशा वेळी आधी उणे चिन्ह अपूर्णांकाच्या बाहेर काढा आणि मग पुढे जा.

एक सुटसुटीत उदाहरण:

४/(√७ − √३) × (√७ + √३)/(√७ + √३) = ४(√७ + √३)/(७ − ३) = √७ + √३

इथे अंशातला ४ कंसाबाहेरच ठेवला होता म्हणून छेदातल्या ४ शी थेट कटला. अंशातला कंस सोडवायची घाई करू नका. छेद आधी सोडवा, काही कटतं का ते पाहा, आणि नंतरच अंशाचा गुणाकार करा.

आता जरा अवघड, ज्यात दोन्हीकडे दोन पदं आहेत: (३ + √२)/(५ − २√२). गुणक (५ + २√२).

छेद: ५² − (२√२)² = २५ − ८ = १७

(२√२)² म्हणजे ४ × २ = ८. इथे कोणी ४ लिहितं, कोणी २ लिहितं. बाहेरच्या सहगुणकाचाही वर्ग होतो, हे विसरल्यामुळे पुढची सगळी मेहनत वाया जाते. दोन पदांच्या गणितात सर्वांत जास्त गुण याच जागी जातात असं मला वाटतं.

अंश: (३ + √२)(५ + २√२) = १५ + ६√२ + ५√२ + २ × २ = १९ + ११√२

उत्तर (१९ + ११√२)/१७. पडताळा: मूळ अपूर्णांक ४.४१४२१ ÷ २.१७१५७ = २.०३२७, आणि ३४.५५६३५ ÷ १७ = २.०३२७.

छेद उणे आला तर बिचकू नका. १/(२ − √७) मध्ये गुणक २ + √७, छेद ४ − ७ = −३, उत्तर −(२ + √७)/३. √७ हा २ पेक्षा मोठा आहे, त्यामुळे मूळ अपूर्णांक ऋणच होता आणि उत्तरही ऋणच यायला हवं.

उत्तर लिहितानाची एक चूक इथेच सांगून टाकतो. (६ + √३)/३ असं आलं की ६ आणि ३ कापून २ + √३ लिहिलं जातं. छेद अंशातल्या प्रत्येक पदाला भागतो. बरोबर रूप २ + √३/३ आहे, किंवा (६ + √३)/३ तसंच ठेवा. कापाकापी तेव्हाच करायची, जेव्हा अंशातल्या सगळ्या पदांत तो अवयव सामाईक असेल.

‘अ आणि ब च्या किमती काढा’ प्रकारची गणितं

(√५ + √३)/(√५ − √३) = अ + ब√१५, आणि अ, ब परिमेय आहेत, असं दिलं असतं. प्रश्न वेगळा दिसला तरी काम तेच आहे. √५ + √३ ने गुणा. अंश ८ + २√१५, छेद २, उत्तर ४ + √१५. दोन्ही बाजू ताडल्या की अ = ४, ब = १.

दुसरा नेहमीचा प्रकार: क्ष = ३ + २√२ असताना क्ष² + १/क्ष² काढा. इथे क्ष चा वर्ग करत बसू नका. १/क्ष चं परिमेयीकरण केलं तर छेद ९ − ८ = १ येतो, म्हणून १/क्ष = ३ − २√२. बेरीज क्ष + १/क्ष = ६. तिचा वर्ग ३६, त्यातून मधलं पद २ × क्ष × १/क्ष = २ वजा, उत्तर ३४. छेद १ येईल अशाच संख्या या प्रश्नात मुद्दाम निवडलेल्या असतात.

तीन पदं, आणि भास्कराचार्यांचा नियम

१/(१ + √२ + √३) मध्ये कोणाचं चिन्ह बदलायचं? तीन पदांचे दोन गट करा आणि गटालाच एक पद माना. (१ + √२) हा एक गट, √३ दुसरा. गुणक (१ + √२) − √३.

छेद: (१ + √२)² − ३ = ३ + २√२ − ३ = २√२

तीन पदांवरून एका पदावर आलो. मग √२ ने गुणून:

(१ + √२ − √३)/(२√२) = (√२ + २ − √६)/४

गट वेगळा केला असता, म्हणजे १ आणि (√२ + √३), तर छेद १ − (५ + २√६) = −४ − २√६ आला असता आणि अनुबद्ध जोडीचा आणखी एक फेरा पडला असता. चुकीचं काही नाही, पण काम वाढतं. म्हणून गट करण्याआधी मुळांखालच्या संख्यांकडे पाहा. १ + २ = ३ आहे. दोघांची बेरीज तिसऱ्याएवढी असेल तर त्या दोघांचा गट करा, परिमेय भाग शून्य होऊन छेदात एकच करणी उरते. १/(√२ + √३ + √५) मध्येही तसंच, कारण २ + ३ = ५. उत्तर (२√३ + ३√२ − √३०)/१२ येतं, स्वतः करून पाहा.

असा योग नसेल तेव्हा दोन फेरे करायचेच. १/(√२ + √३ + √७) घ्या. (√२ + √३)² − ७ = २√६ − २ = २(√६ − १). पहिल्या फेरीत √७ गेला, आता √६ + १ ने गुणा. छेद २ × ५ = १० होतो आणि अंश (√२ + √३ − √७)(√६ + १) = ३√३ + ४√२ − √४२ − √७.

ही पुन्हा पुन्हा गुणण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ‘बीजगणित’ या भागात करणींच्या भागाकाराचा नियम स्पष्ट दिला आहे. छेदातल्या हव्या त्या एका करणीचं धन-ऋण चिन्ह उलटवावं, अशा छेदाने भाज्य आणि भाजक दोघांना गुणावं, आणि छेदात एकच करणी उरेपर्यंत हे करत राहावं. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. आपण वर जे केलं ते शब्दशः भास्कराचार्यांच्या नियमाप्रमाणे आहे.

त्यांनी दिलेलं उदाहरण सोडवून पाहण्यासारखं आहे. √९ + √४५० + √७५ + √५४ ला √१८ + √३ ने भागायचं. आधी साफसफाई: भाज्य ३ + १५√२ + ५√३ + ३√६, भाजक ३√२ + √३. गुणक ३√२ − √३, छेद १८ − ३ = १५. अंशात आठ गुणाकार:

९√२ − ३√३ + ९० − १५√६ + १५√६ − १५ + १८√३ − ९√२

√२ ची पदं कटली, √६ ची कटली. उरलं ७५ + १५√३. भागिले १५, उत्तर ५ + √३. एवढा अवजड दिसणारा अंश इतका नेटका आटोपतो, हे एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावं.

घनमुळं

नववीच्या परीक्षेपुरती वर्गमुळं पुरेत, पुढच्या परीक्षांसाठी हा भाग वाचा. १/∛२ ला ∛२ ने गुणलं तर छेदात ∛४ येतं, काम होत नाही. घनमूळ घालवायला एकाच संख्येची तीन घरं भरावी लागतात. एक २ आहे, दोन हवेत, म्हणून गुणक ∛४ आणि उत्तर ∛४/२. संख्या मोठी असेल तर मूळ अवयव पाडा. ५/∛१२ मध्ये १२ = २ × २ × ३. एक २ आणि दोन ३ कमी आहेत, म्हणजे १८. १२ × १८ = २१६ = ६³, म्हणून उत्तर ५∛१८/६.

दोन पदं असतील तर अनुबद्ध जोडी चालत नाही, कारण तिच्यात वर्गच मिळतात. तिथे अ³ − ब³ = (अ − ब)(अ² + अब + ब²) हे सूत्र लागतं. १/(∛२ − १) साठी गुणक ∛४ + ∛२ + १, छेद २ − १ = १, उत्तर ∛४ + ∛२ + १.

उलटा प्रयोग: अंशाचं परिमेयीकरण

हा भाग पाठ्यपुस्तकात ओझरता येतो, पण मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. √१००१ − √१००० ची किंमत काढायची आहे आणि हाताशी चार दशांश स्थळांच्या किमती आहेत: ३१.६३८६ आणि ३१.६२२८. वजाबाकी ०.०१५८. सहा अंकी अचूक माहिती होती, हातात तीनच अंक राहिले, कारण जवळजवळ समान संख्या वजा केल्या की पुढचे सगळे अंक कटतात. आता ही वजाबाकी छेद १ असलेल्या अपूर्णांकाचा अंश माना आणि वर-खाली √१००१ + √१००० ने गुणा:

√१००१ − √१००० = १/(√१००१ + √१०००) = १/६३.२६१४ = ०.०१५८०७४

माहिती तीच, पण अचूकता राखली गेली. संगणकावर आकडेमोड करणारेही या कारणासाठी सूत्र असं उलटवून घेतात. अकरावीत सीमा शिकताना (√(१ + क्ष) − १)/क्ष हे पद येतं. क्ष शून्याकडे जाताना ते ०/० दिसतं. अंशाचं परिमेयीकरण केलं की १/(√(१ + क्ष) + १) उरतं आणि सीमा १/२ मिळते.

याच ओळखीवर एक सुंदर बेरीज उभी आहे: १/(√१ + √२) + १/(√२ + √३) + … + १/(√९९ + √१००). प्रत्येक छेदातल्या पदांच्या वर्गांचा फरक १ आहे, म्हणून पदं होतात (√२ − √१) + (√३ − √२) + … + (√१०० − √९९). मधलं सगळं कटतं आणि उत्तर १० − १ = ९.

कधी करू नये?

प्रश्नात मागितलं नसेल आणि पुढे गुणाकार-भागाकार बाकी असतील तर थांबा. त्रिकोणमितीत साइन ४५° = १/√२ असंच लिहितात, आणि त्याचा वर्ग करायचा असेल तर १/२ तत्काळ मिळतं. √२/२ चा वर्ग करून पुन्हा संक्षेप करण्यात हशील नाही. परिमेयीकरण शक्यतो शेवटच्या ओळीत करावं. अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी असेल तर मात्र आधी प्रत्येक छेद मोकळा करून घ्यावा, म्हणजे सामाईक छेद साधा पूर्णांक राहतो.

सरावासाठी

१) १/(३√५ + २√२)
२) (√६ + √२)/(√६ − √२)
३) १२/(३ + √५ − २√२). हे दोन वेगवेगळ्या गटांनी सोडवा: एकदा (३ + √५) चा गट करून, एकदा (३ − २√२) चा.

उत्तरं: पहिल्याचं (३√५ − २√२)/३७. दुसऱ्याचं २ + √३. तिसऱ्यात पहिल्या गटाने छेद ६(१ + √५) होतो आणि दुसऱ्या गटाने १२(१ − √२). पुढचे फेरे पूर्ण केले की दोन्ही वाटांनी १ − √२ + √५ + √१० हेच उत्तर येतं, साधारण ४.९८४.